'इफ पॉसिबल' हे दोन शब्द काढून टाका: करारनाम्याच्या अटी लिहिणाऱ्यांना एका ठेकेदाराचं खुलं पत्र

प्रति,
सार्वजनिक बांधकाम, जलसंपदा आणि ऊर्जा विभागांत निविदा व करारनाम्याच्या अटींचा मसुदा करणारे सर्व अधिकारी,
मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

आपली ओळख नाही, पण तुमचं लिखाण मी गेली २२ वर्षं वाचतो आहे. म्हणजे बी-१ फॉर्म, सरकारी कामाच्या करारनाम्याचा छापील नमुना. पदविका झाली, सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केली, आणि पहिलं काम मिळालं ते शाळेच्या दोन खोल्यांचं. तेव्हापासून जवळजवळ प्रत्येक करारनाम्याला हाच फॉर्म जोडलेला. खरं सांगायचं तर आमच्या धंद्यात तो सहसा कोणी वाचत नाही. 'सगळ्यांना तोच असतो' म्हणायचं आणि पानापानावर सह्या करून मोकळं व्हायचं. मीही तेच करायचो. ठेकेदार फॉर्म वाचत बसलेला दिसला की समजावं, त्याचं बिल अडकलंय.

माझं अडकलं, तेव्हा मी वाचला. त्यात एक कलम असं आहे की ठेकेदाराने दरमहा बिल सादर करावं, अभियंत्याने मोजमापं तपासावीत आणि जी रक्कम ग्राह्य ठरेल ती बिल सादर झाल्यापासून दहा दिवसांत द्यावी. उत्तम कलम आहे. फक्त 'दहा दिवसांत'च्या आधी स्वल्पविरामांच्या मधे दोन शब्द आहेत: 'इफ पॉसिबल'. शक्य झाल्यास.

हे पत्र त्या दोन शब्दांबद्दल आहे.

आधी माझं गाऱ्हाणं सांगतो, म्हणजे बाकीचं कुठून बोलतोय ते कळेल. एका उपसा सिंचन योजनेच्या पंपगृहाशेजारी ३३ केव्ही उपकेंद्राचं स्थापत्य काम माझ्याकडे होतं. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण त्या कार्यालयात आजही माझ्या दोन फायली आहेत. काम म्हणजे नियंत्रण कक्ष, केबलचे चर, ट्रान्सफॉर्मरचे दोन चौथरे आणि यार्डात खडी. अंदाजपत्रकात चौथऱ्याचा पाया दीड मीटर खोल धरला होता. दीड मीटरला काळी माती निघाली. दोन मीटरलाही काळीच. अडीचच्या पुढे गेलो तेव्हा पहारीला मुरूम लागला. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिच्यावर ट्रान्सफॉर्मर बसवला असता तर दोन पावसाळ्यांत तो कलला असता. शाखा अभियंता स्वतः खड्ड्यात उतरले, टेप लावून फोटो काढले, वरच्या साहेबांना तिथूनच फोन केला. 'मुरूम भरा, थराथराने दाबून घ्या, एक्स्ट्रा आयटम करू.' साइटवरच्या ऑर्डर बुकात तसं लिहिलं, खाली सही केली. मीही सांगितलं तसं केलं.

आज तो ट्रान्सफॉर्मर सुरू आहे. रात्री त्या रस्त्याने मोटारसायकल थांबवून उभं राहिलं की त्याचा घूं-घूं आवाज येतो, पंप चालू असतात, वितरिकेला पाणी असतं. चौथऱ्याला एक भेग नाही. जादा खोदाई, मुरूम आणि त्यामुळे वाढलेलं काँक्रीट मिळून ११ लाख ४० हजार रुपये होतात. ते मला आलेले नाहीत. पाचवं वर्ष चालू आहे. काम झालंच नाही, असं कोणी म्हणत नाही. एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तकात, नोंद आहे. जादा बाबीच्या दराचा प्रस्ताव मंडळ कार्यालयात गेला, त्रुटी लागून परत आला, पुन्हा गेला. मधे दोन कार्यकारी अभियंते बदलले. तिसऱ्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, 'हे माझ्या आधीचं आहे हो.'

त्यांचंही बरोबर आहे, त्यावर पुढे येतो.

मग मी विचारलं, वाद असेल तर दाद कुठे मागायची? तेही तुमच्याच फॉर्ममध्ये आहे. कलम ३०. अधीक्षक अभियंत्यांचा निर्णय अंतिम आणि दोन्ही पक्षांना बंधनकारक. म्हणजे ज्या मंडळात प्रस्ताव पडून आहे, त्याच मंडळाच्या प्रमुखांनी सांगायचं की प्रस्ताव पडून आहे की नाही. बरं, हा लवाद, म्हणजे वाद मिटवायला नेमलेला त्रयस्थ पंच, तरी आहे का? नाही. अशा भाषेचं कलम म्हणजे लवादाचा करार नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच टिपरचंद नावाच्या उत्तर प्रदेशातल्या प्रकरणात सांगून टाकलं आहे. तेव्हा निर्णय त्यांचा, पण लवाद कायद्यातलं संरक्षण मात्र मला नाही.

गेल्या काही वर्षांत न्यायालयांत आणि दिल्लीत या विषयावर बरंच काही घडलं. वकिलाकडे खेपा घालून घालून मला ते पाठ झालं आहे. त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ८ नोव्हेंबर २०२४ची. न्या. धनंजय चंद्रचूड यांचा सरन्यायाधीश म्हणून कामकाजाचा तो शेवटचा दिवस. रेल्वेच्या विद्युतीकरण संघटनेच्या एका कंत्राटातला वाद पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठापुढे होता, आणि प्रश्न साधा होता: भांडणातल्या एका बाजूने लवाद स्वतःच निवडायचा, किंवा स्वतःच्याच यादीतून निवडायला समोरच्याला भाग पाडायचं, हे चालेल का? बहुमताने निकाल आला, नाही चालणार. सरकारी कंत्राटात असं एकतर्फी कलम घालणं हे घटनेच्या अनुच्छेद १४ मधल्या समानतेच्या विरुद्ध आहे. बातमी वाचून मी पेढे आणले होते. वकील म्हणाले, 'पेढे खातो, पण हा निकाल ज्याच्या करारात लवाद आहे त्याच्यासाठी. तुझ्या करारात लवादच नाही.' एकतर्फी लवाद नेमणं घटनाबाह्य, आणि तिकडे कलम ३० मधला 'अंतिम निर्णय' देणारा खात्याचाच साहेब जागच्या जागी. हे गणित मला अजून सुटलेलं नाही. तुम्हाला सुटलं असेल तर कळवा.

दुसरी गोष्ट ३ जून २०२४ची. केंद्राच्या अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने परिपत्रक काढलं की सरकारी खरेदीच्या आणि बांधकामाच्या करारांत लवादाचं कलम सरसकट घालू नये; घातलंच तर साधारणपणे १० कोटींपेक्षा कमी रकमेच्या वादापुरतं. बाकीच्यांनी मध्यस्थी करावी, नाहीतर कोर्टात जावं. कारणं दिली आहेत: लवादाला वेळ फार लागतो, खर्च फार होतो, निवाडे चुकतात, आणि शेवटी प्रकरण कोर्टातच जातं.

यातली एकही तक्रार खोटी नाही, आणि हे मी ठेकेदार असून लिहितोय. दिल्लीच्या विमानतळ मेट्रोचं प्रकरण बघा. २०१७ मध्ये लवादाने ती मेट्रो चालवायला घेतलेल्या खासगी कंपनीला २,७०० कोटींच्या वर रक्कम देऊ केली, व्याजासह ती वाढतच गेली, २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवाडा उचलून धरला, आणि १० एप्रिल २०२४ ला त्याच न्यायालयाने उपचारात्मक याचिकेत, म्हणजे निकालानंतरच्या अगदी शेवटच्या याचिकेत, तो रद्द केला. मोठ्या कंपन्यांचे वकील तासावर पैसे घेतात, निवृत्त मुख्य अभियंते लवाद म्हणून बसतात, पंचतारांकित हॉटेलांत सुनावण्या होतात. त्या लवादाचं मला काही कौतुक नाही. आणि आमच्यातलेही काही कमी नाहीत. निविदा ३० टक्के कमी दराने भरायची आणि मग पहिल्या दिवसापासून जादा दाव्यांची फाइल तयार करायची, असे महाभाग मी जवळून पाहिलेत. त्यांच्यामुळे तुम्ही सावध झालात, हे समजतं.

पण माझा वाद ११ लाखांचा आहे. १० कोटींच्या आतल्या वादांना लवाद चालेल, असं ते परिपत्रकसुद्धा म्हणतं. छोट्या वादासाठी लवाद राहू द्या, असं दिल्लीचं मत. आणि आमच्याकडच्या फॉर्ममध्ये छोट्यालाही नाही आणि मोठ्यालाही नाही.

कोर्टाचंही सांगतो. सरकारविरुद्ध दावा लावायचा तर आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० खाली दोन महिन्यांची नोटीस. आणि केलेल्या कामाच्या पैशांसाठी मुदत तीन वर्षं, काम झालं त्या दिवसापासून. इथे आमची गंमत होते. ठेकेदार तीन वर्षं कोर्टात जात नाही, कारण पुढचं काम त्याच कार्यालयातून मिळायचं असतं. तो हेलपाटे घालतो, दिवाळीला मिठाई नेऊन देतो, 'मार्चएंडला बघू' ऐकून घेतो. आणि मुदत गुपचूप संपते. माझीही संपलीच होती. वकिलांनी विचारलं, 'त्यांनी कुठे लेखी काही कबूल केलंय का?' मी घरी जाऊन सगळे कागद जमिनीवर पसरले. तिसऱ्या वर्षातलं एक पत्र सापडलं, अर्ध्या पानाचं: 'आपले अतिरिक्त बाबीचे देयक कार्यवाहीत आहे.' खाली सही, शिक्का, जावक क्रमांक. वकील म्हणाले, 'यावर भांडता येईल.' ते पत्र आता मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलं आहे, जमिनीच्या सातबाऱ्याच्या शेजारी. कारकुनाने सवयीने लिहिलेल्या त्या एका ओळीवर माझे ११ लाख उभे आहेत.

मग मी लघुउद्योगांच्या कायद्याकडे वळलो. उद्यम नोंदणी आहे माझी. २००६च्या एमएसएमई कायद्यात स्पष्ट लिहिलंय: सूक्ष्म किंवा लघु उद्योगाने माल किंवा सेवा पुरवली की ४५ दिवसांच्या आत पैसे, नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. वाद झाला तर त्याच कायद्याखालच्या सुविधा परिषदेकडे अर्ज. मी अर्ज भरायला बसलो, तेव्हा वकिलांनी हात धरला. काम म्हणजे 'वर्क्स काँट्रॅक्ट', माल-मजुरीसकट बांधून देण्याचा ठेका, आणि ते या कायद्यात येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने धरलेलं आहे. २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने वर्ध्याच्या नगरपालिकेच्या एका प्रकरणातही तेच सांगितलं. माझा चेहरा बघून वकील म्हणाले, 'तू नुसतं सिमेंट विकलं असतंस तर पैसे मागता आले असते. तू ते ओतून दिलंस, तिथे चुकलं.'

यात आणखी एक मेख आहे, जी मंत्रालयात बसून कदाचित दिसत नसेल. आयकर कायद्यात ४३बी(एच) नावाचं कलम आलं, २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून लागू. सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्या वर्षी उत्पन्नातून वजा मिळत नाही. माझा खडीवाला म्हणजे क्रशरवाला, तो सूक्ष्म उद्योग. लेखी करार असला तर जास्तीत जास्त ४५ दिवस, नसला तर १५. त्याचे पैसे राहिले तर माझा कर वाढतो. कलम चांगलं आहे. खडीवाल्याच्या पोटावर पाय देऊन मी धंदा करावा असं माझं म्हणणं नाही. पण मग माझी खडी ज्याच्या यार्डात पसरली आहे त्याला काय? सरकार आयकर भरत नाही, तेव्हा ४३बी(एच)मुळे त्याची झोप उडायचं कारण नाही.

मजुरांचंही तसंच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेप्रमाणे महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत, रोजंदारीवाल्याचा रोज पाळी संपताना. ठेकेदाराने पगार थकवला तर काम देणाऱ्या मूळ मालकाने द्यायचा आणि ठेकेदाराकडून वसूल करायचा, हेही या संहितांत आहे. मला हे सगळं मान्य आहे. माझ्या साइटवर परभणीकडचा मुकादम आणि त्याची १४ माणसं होती. शनिवारी आठवड्याच्या बाजारच्या आधी त्यांच्या हातात पैसे पडले नाहीत असं एकदाही झालं नाही. सी.सी. खात्यातून, म्हणजे बँकेच्या उचल खात्यातून, दिले. ज्या आठवड्यात खात्यात नव्हते त्या आठवड्यात पाहुण्याकडून आणले. मुकादमाला 'शक्य झाल्यास' असं सांगायची माझी हिंमत नाही, आणि सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी खड्ड्यात कोणी उतरलं नसतं.

म्हणजे बघा. मजुराला ७ तारीख. खडीवाल्याला ४५ दिवस. जीएसटीचं विवरणपत्र २० तारखेला, उशीर झाला की विलंब शुल्क सिस्टीमच लावते. बँकेचा हप्ता ५ तारखेला. कायद्याने सगळ्यांना तारीख दिली आणि त्या सगळ्या तारखा पाळायच्या मी. मला ज्याच्याकडून यायचे, त्याच्यापुढे मात्र 'इफ पॉसिबल'.

तुम्ही म्हणाल, सरकारला तारखेत बांधता येत नाही, निधीची अडचण असते, राज्याचा गाडा आहे. हे मला पटलं असतं. पण विजेच्या धंद्यात तुम्ही स्वतः बांधून घेतलं आहे, आणि तिथे ते चाललंसुद्धा. तारीख परत ३ जूनच, फक्त साल २०२२. त्या दिवशी केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने विलंब अधिभाराचे नियम काढले. तेव्हा देशभरातल्या वितरण कंपन्यांकडे वीज निर्मिती करणाऱ्यांचे सुमारे १ लाख ४० हजार कोटी रुपये थकले होते. नियमांनी दोन गोष्टी केल्या. जुनी थकबाकी जास्तीत जास्त ४८ मासिक हप्त्यांत पाडून दिली. आणि नव्या बिलासाठी काठी उगारली: बिल सादर झाल्यापासून अडीच महिन्यांत पैसे नाहीत, तर त्या वितरण कंपनीचा बाजारातून वीज घ्यायचा रस्ता बंद.

ही काठी नुसती दाखवायची नव्हती. ऑगस्ट २०२२ मध्ये १३ राज्यांतल्या २७ वितरण कंपन्यांना वीज बाजारातून खरेदी करायला खरोखर मनाई झाली. यादीत महाराष्ट्राचंही नाव होतं. मग काय झालं? एक-दोन दिवसांत बऱ्याच राज्यांनी पैसे भरले आणि नाव काढून घेतलं. अनेक वर्षं न मिळणारा निधी दोन दिवसांत मिळाला! पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या जुन्या डोंगरातला मोठा भाग फिटला. मला अर्थशास्त्र कळत नाही, पण एवढं कळलं की निधी नसतो तेव्हा तो कोणाला आधी द्यायचा याची एक रांग असते, आणि ज्याला कायद्याने तारीख दिली तो रांगेत पुढे जातो. वीज तयार करणारा पुढे गेला. त्या विजेच्या ट्रान्सफॉर्मरखाली मुरूम दाबणारा रांगेतच नाही.

आता त्या तिसऱ्या कार्यकारी अभियंत्यांकडे येतो, ज्यांनी चहा पाजला. माणूस वाईट नाही. माझा हक्क त्यांना मान्य होता. पण ते म्हणाले ते मी विसरणार नाही: 'मी सही केली तर पाच वर्षांनी महालेखापालांच्या अहवालात आक्षेपाचा परिच्छेद माझ्या नावाने निघेल. नाही केली तर कोणी विचारत नाही.' जादा बाबीवर सही करणाऱ्याची चौकशी होते. सही न करता फाइल ठेवून बदली होऊन जाणाऱ्याची झालेली मी ऐकलेली नाही. व्याज चढत असेल तर निदान फाइलवर लिहिता येतं की उशीर केल्याने सरकारचं एवढं नुकसान होतंय. आज उशीर फुकट आहे. म्हणून व्याजाचं कलम मी मागतोय ते माझ्या फायद्यासाठी कमी आणि त्या साहेबांच्या सोयीसाठी जास्त. सही करायला त्यांना एक कारण हवं आहे.

हे अवघड आहे का? नाही, कारण तुमच्यासारख्याच लोकांनी ते दिल्लीत लिहून ठेवलं आहे. २९ ऑक्टोबर २०२१ ला त्याच खर्च विभागाने सर्वसाधारण सूचना काढल्या: ठेकेदाराने चालू बिल दिलं की १० कामाच्या दिवसांत निदान ७५ टक्के रक्कम द्या, तपासणी नंतर करा, उरलेली २८ कामाच्या दिवसांत पुरी करा. त्यात 'शक्य झाल्यास' नाही. लवादावर मर्यादा घालणारं २०२४चं परिपत्रक आणि पैसे वेळेत द्या म्हणणाऱ्या २०२१च्या सूचना एकाच विभागातून निघाल्या आहेत. मला दोन्ही सोबत चालतील. तारीख द्या, मग लवाद नसला तरी मी रडणार नाही.

कलम ३० बद्दल माझं म्हणणं एवढंच आहे की तिथे खात्याबाहेरचा माणूस बसवा. एक कोटीपर्यंतच्या वादांना निवृत्त जिल्हा न्यायाधीश किंवा दुसऱ्याच खात्यातला निवृत्त अभियंता, दोघांच्या संमतीने. वकील नको, तोंडी पुरावे नकोत; एम.बी., ऑर्डर बुक, फोटो आणि पत्रं बघायची आणि महिन्या-दोन महिन्यांत सांगायचं की देणं किती. ते आधी द्यायचं, नंतर ज्याला कोर्टात जायचं त्याने जावं. ब्रिटनमध्ये १९९६च्या कायद्याने बांधकामाचा वाद २८ दिवसांत तात्पुरता मिटवायची अशीच सोय केली, सिंगापूरने २००४ मध्ये आणि मलेशियाने २०१२ मध्ये तसेच कायदे केले. तिथे बांधकाम बंद पडलेलं ऐकिवात नाही.

ब्रिटनच्या त्या कायद्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मला तुमचं खास लक्ष वेधायचं आहे. मुख्य ठेकेदाराला पोटठेकेदाराला असं सांगता येत नाही की 'मला वरून मिळाले की तुला देतो.' तशी अटच तिथे साधारणपणे चालत नाही. आपल्याकडे अर्धा धंदा याच वाक्यावर चालतो. मोठी कंपनी सौर प्रकल्पाचं किंवा पाणीयोजनेचं काम घेते, खाली तालुक्यातली पोरं खड्डे खणतात, पाया ओततात, खांब उभे करतात. करार कंपनीशी, तोही कधी व्हॉट्सअॅपवर. २०२५च्या जुलैत पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तरुण ठेकेदाराने जीव दिला. जलजीवन मिशनच्या कामाचे पैसे थकले होते, असं घरच्यांचं म्हणणं. सरकारकडून उत्तर आलं की तो पोटठेकेदार होता, आमच्याकडे त्याच्या नावाचं देयकच नाही. कागदावर हे उत्तर बिनचूक असेल. पाइप मात्र त्याने पुरले होते. मजुराचा पगार थकला तर मूळ मालक जबाबदार, एवढं कामगार संहितेत लिहिता येतं. मग निविदेत एक अट का लिहिता येऊ नये, की मुख्य ठेकेदाराने पुढचं बिल सादर करताना मागच्या बिलातले पोटठेकेदाराचे पैसे दिल्याची बँकेची नोंद जोडावी? एक पान वाढेल.

राज्यातल्या ठेकेदार संघटना २०२५ मध्ये ८९ हजार कोटींच्या थकबाकीचा आकडा सांगत होत्या. तो आकडा किती पक्का यावर तुमचं आणि संघटनांचं भांडण चालू द्या. त्यात माझे ११ लाख ४० हजार कुठल्या दशांश चिन्हापुढे येतात, हे शोधून काढायची मला हौस नाही. तसंच, जुन्या थकबाकीसाठी हे पत्र नाही. ती माझी मी बघीन, पिशवीतल्या पत्राच्या जोरावर. हे पुढच्या करारांसाठी आहे, जे तुमच्या संगणकावर अजून वर्ड फाइलमध्ये आहेत आणि ज्यात दोन शब्द खोडायला कॅबिनेटची मंजुरी लागत नसावी.

जाता जाता एक सांगतो. गेल्या आठवड्यात मला नवीन काम मिळालं. गावठाणाबाहेर एका छोट्या सौर प्रकल्पाच्या कुंपणाचं आणि नियंत्रण कक्षाचं. जमीन काळीच आहे, मी पहार मारून बघितली. करारनाम्याला नेहमीचा फॉर्म जोडलेला होता आणि प्रत्येक पानावर सही हवी होती. मुलगा शेजारी बसून पानं उलटून देत होता. त्या पानावर मी थोडा थांबलो, तर म्हणाला, 'बाबा, पेन संपलं का?' नव्हतं संपलं. सही केली, पुढचं पान घेतलं.

कळावे,

आपला,
एक नोंदणीकृत ठेकेदार